धारगळच्या वाटेत बसलेला

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. हे वाक्य इथे, भुताच्या अनुभवांच्या ग्रुपवर, प्रत्येकजण लिहितो, मला माहीत आहे. पण माझं कारण जरा वेगळं आहे. मी राक्षस बनवते... पगार घेऊन. मोबाइलवरच्या गेममधले लहानमोठे राक्षस, त्यांचे दात, शेपट्या, स्वभाव, ते कुठल्या गवतात सापडणार आणि किती मार खाऊन शरण येणार, हे सगळं मी चहा पीत पीत लॅपटॉपवर ठरवते. हलवायाला जिलेबीचं जेवढं अप्रूप, तेवढंच मला भुताखेतांचं.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांना थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंपन्या वेगळ्या, चित्रं वेगळी, पण सगळ्यांची पत्रिका एकच. तुम्ही एका छोट्या गावातलं पोर असता. कोणीतरी प्रोफेसर तुमच्यापुढे तीन प्राणी ठेवतो – एक आगीचा, एक पाण्याचा, एक झाडापाल्याचा – त्यातला एक घ्यायचा आणि निघायचं जग फिरायला. उंच गवतात शिरलं की राक्षस समोर येतो, त्याला दमवून पकडायचं, वाढवायचं, की तो रूप बदलतो. कोणी मरत नाही. मरण हा शब्दच चालत नाही आमच्यात, राक्षस फक्त बेशुद्ध होतो, त्याला दवाखान्यात नेलं की एक धून वाजते आणि तो टुणकन उभा. आणि हो, घरी आई असते. एवढंसं पोर राक्षस पकडायला निघालंय, पण ती बाई कधी अडवत नाही. ‘जाऊन ये’ म्हणते आणि पुन्हा ओट्याकडे वळते.

आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येक गेममध्ये असते. सुरुवातीलाच कुठेतरी, वाटेत कोणीतरी बसलेलं असतं. बाजूने जायला ऐसपैस जागा असते, तरी जाता येत नाही. बोलायला गेलात तर ते एक वाक्य बोलतं. पुन्हा विचारा, तेच वाक्य. शंभरदा विचारा, तेच. खेळणारे वैतागून आम्हाला शिव्या घालतात. पण ते उगाच बसवलेलं नसतं. पुढच्या वाटेवर जे आहे ते तुम्हाला झेपणारं नसतं, आणि हे त्याला ठाऊक असतं... म्हणजे आम्हाला ठाऊक असतं.

आता घरचं. आमचं घर गोव्यात, पेडण्याजवळच्या धारगळला. मागे काजूचं भाट, म्हणजे बाग, त्यातून एक पायवाट उतरते ती थेट हायवेला लागते. वाटेच्या मध्यावर सातवणीच्या झाडाखाली आमच्या राखणदाराची जागा आहे. जागा म्हणजे एक पाषाण, जुन्या वहाणांचे दोन-चार जोड, कोणीतरी वाहिलेलं कांबळं. राखणदार गावाची सीम, म्हणजे वेस, राखतो, रात्री फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणी त्या वहाणा घालून बघायची मला फार इच्छा होती. आईने धपाटा घातला होता.

पुण्याची नोकरी मी घरून करायला लागले ती बाबांसाठी. बाबा सरकारी बसवर ड्रायव्हर होते, पेडणे-म्हापसा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि मग हळूहळू डोक्यातलं एकेक सुटत गेलं. माझं नाव गेलं, दाढी कशी करतात ते गेलं... ड्यूटी तेवढी राहिली. दुपारी पोदेर पाव घेऊन यायचा, त्याच्या सायकलचा पों-पों ऐकला की बाबा घराच्या पुढच्या सोप्यावरून ताडकन उठायचे. त्यांना वाटायचं बस सुटतेय. खाकी शर्ट चढवायचा आणि निघायचं, तडक हायवेकडे. एकदा ते डिव्हायडरपर्यंत पोचले होते. दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले आणि हे मध्ये उभे, हात करून बस थांबवतायत. आमच्या शेजारचे विठूकाका गुरं घेऊन जवळच होते म्हणून वाचले. त्यानंतर आम्ही गेटला कुलूप लावलं. पण कुलूप लागलं की बाबा गेट धरून रडायचे. लोकांची गाडी चुकतेय म्हणायचे. मला ते बघवायचं नाही, आणि न बघूनही चालायचं नाही. त्या दिवसांत मी धड एका जागी बसून कधी जेवले नसेन.

त्याच सुमारास कामावर वाटेत बसणारा बनवायची पाळी आली. आमचा टीम लीड बंगळुरात बसतो. तो म्हणाला, काहीतरी ओरिजिनल दे, झोपाळू अस्वलं पुरे झाली. मी जास्त डोकं न चालवता आमचा राखणदारच उचलला. कांबळं, काठी, झिजलेल्या वहाणा. चेहरा काढला नाही, तो माझ्या हातून होईना. आईला मोठ्या कौतुकाने दाखवायला गेले, तर तिचं तोंड उतरलं.

“ह्यो आमचो राखणदार मगो? तेका कित्याक घातलंय थंय?”

“गेम आहे गं आई.”

“आणि मगे? तेका पण पकडतले?”

“नाही, ह्याला नाही पकडता येणार. हा फक्त वाट अडवणार.”

“कोणाची?”

खेळणाऱ्याची, म्हटलं.  दुसऱ्या दिवशी ती पाषाणापुढे रोट ठेवून, गाऱ्हाणं घालून आली. पोरीक कळना, तिका माफ कर, असं काहीतरी. मी हसले होते.

आता त्याला एक वाक्य द्यायचं होतं. आमच्या गेमची भाषा इंग्रजी. पण मला आधी सुचतं ते घरच्याच बोलीत, मग मी ते इंग्रजीत करते. तर मला सुचलं – “आज नाका. घरा इचारून ये.” म्हणजे आज नको, घरी विचारून ये. इंग्रजी करून फाइलीत टाकलं आणि विसरले. बोलीतलं वाक्य मी कुठेही लिहिलं नाही. कोणाला सांगितलंही नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी गेट उघडं राहिलं. माझ्याकडूनच, पार्सल घ्यायला गेले होते. आई आत मासे करत होती. पोदेर कधी आला, पों-पों कधी वाजला, मला कळलंच नाही, कानात हेडफोन. बाहेर आले तर सोपा रिकामा.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. काजूचे बोंडू पायाखाली फुटत होते, वास येत होता, आणि खालून ट्रकचे हॉर्न. मी मनात एकच म्हणत होते, ब्रेकचा आवाज नको येऊ दे.

बाबा वाटेच्या मध्यावर होते. सातवणीच्या अलीकडे, कमरेवर हात, लालबुंद. भांडत होते. समोर कोणीही नव्हतं.

“बाबा, चला घरी.”

“बघ ह्येका!” ते मला म्हणाले. “वाटेत बसला. उठणा ना. मी इचारतंय तर एकच चालू. आज नाका, घरा इचारून ये. आज नाका, घरा इचारून ये. येडो मरे ह्यो!”

मी तिथेच बसले.

हो, मी विचार केलाय. काम करताना मी पुटपुटते, ही सवय आहे मला, कदाचित बाबांनी ऐकलं असेल. पण ज्यांच्या डोक्यात लेकीचं नाव राहत नव्हतं, त्यांच्या डोक्यात हे राहिलं? बरं, राहिलं. पण मग थांबले का? आई विनवायची, मी ओरडायची, विठूकाका दंड धरून आणायचे... कोणाचं न ऐकणारा माणूस हमरस्त्यावर जायचा थांबला, कोणामुळे?

पुढचे दिवस तर आणखी विचित्र. आम्ही गेटला कुलूप लावणं सोडलं. आधी भीत भीत, मग सवयीने. पों-पों वाजला की बाबा शर्ट घालून निघायचे, सातवणीपर्यंत जायचे, काहीतरी बोलायचे, मान हलवायचे आणि परत यायचे. “आज पण नाका म्हणता,” असं सांगून चहात पोदेराचा उंडो बुडवून खायचे. रडणं संपलं. आई तर सरळ म्हणायची, राखणदार सांभाळता. मला मात्र चैन पडत नव्हतं. जे मी तयार केलंय त्याच्या भरवशावर बापाला सोडायचं? मी रोज त्यांच्या मागून जायची आणि काजूच्या आडून बघायची. मला कधीही काही दिसलं नाही. कोरडी वाट, पालापाचोळा, बस्स.

फक्त एकदा... विठूकाकांची गुरं खालून वर येत होती. बाबा कडेला उभे होते. गुरं वाटेच्या मध्यावर आली आणि दुभंगली. अर्धी डावीकडून, अर्धी उजवीकडून, मधली जागा सोडून पुढे जाऊन पुन्हा एक झाली. एकही गाय त्या जागेवरून गेली नाही. मी विठूकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, “हल्लीच करूक लागल्यांत. थंय कायतरी असतलां.” आणि निघून गेले. जसं काही वाटेत खड्डा आहे.

इकडे लीड मागे लागलेला. वाटेत बसलेला उठला पाहिजे. ती पण रीतच आहे, कुठल्याही गेममध्ये वाट कायमची बंद राहत नाही. काहीतरी आणून द्यायचं, कोणाला तरी भेटायचं, की तो उठतो. माझं वाक्य असं होतं की उत्तर त्यातच होतं – घरी जायचं, आईला विचारायचं, ती हो म्हणणार, परत आलं की वाट मोकळी. तासाभराचं काम. मी ते टाळत राहिले. आज हे, उद्या ते. लीडला काय सांगणार, की तुझा राक्षस उठला तर माझा बाप ट्रकखाली जाईल? शेवटी त्याने चिडून मेल केला, सगळ्यांना टाकून. मला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली बाई मी, हे काय चाललंय? त्या सकाळी बसले आणि लिहून टाकलं. आईला विचारलं की आई हो म्हणते. चालवून बघितलं. तो उठला, कांबळं सावरलं आणि झाडीत गेला. वाट मोकळी.

दुपारी मी स्वतः गेटला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून बसले. पों-पों वाजला. बाबा उठले. पण गेटकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आई विळीवर बांगडे कापत होती.

“जावूं?” बाबांनी विचारलं.

मी आतल्या खोलीत होते. मला ओरडायचं होतं, आई, हो म्हणू नकोस. पण कोणत्या तोंडाने? कुलूप तर आहे, किल्ली तर माझ्या हातात आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि आई, मान वर न करता, जन्मभर ज्या सुरात बोलली त्याच सुरात म्हणाली, “जावा. पण शर्ट बदलून जावा, ह्यो मळलो.”

बाबांनी शर्ट बदलला. दोरीवरचा धुतलेला घातला, बटणं नीट लावली, जे त्यांना कित्येक महिने जमत नव्हतं. मी सोप्याकडे धावले. ते सोप्यावर बसले होते, दोन्ही हात पुढे, स्टिअरिंगवर असल्यासारखे. मग हात खाली आले. मी त्यांना हलवलं, खूप हलवलं. मला खरंच वाटत होतं की बेशुद्धच झालेत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं, त्रास झाला नाही. ते सगळं बरोबरच आहे.

आता हे लिहितेय तर पावसाळा तोंडावर आलाय. विठूकाकांची गुरं पायवाटेने सरळ चालतात, मधूनच. मी मुद्दाम बघितलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. तिथून मीही चालून आले. काही वाटलं नाही. माझ्याकडे कसलंच स्पष्टीकरण नाही, आणि कृपा करून कोणी मला ‘योगायोग’ म्हणून सांगू नका, तो शब्द मी स्वतःला सांगून सांगून झिजवलाय. गेम येतोय बाजारात. त्यातला तो वाटेत बसणारा बदलायला मी लीडला सांगितलं. तो म्हणाला, का? तोच तर सगळ्यांना आवडलाय.

परवा आई मागच्या पायरीवर आमसुलं पसरत होती. मधेच थांबली.

“लग्न झाल्यापासून ह्येंनी माका कधी इचारलां नाय गो. गेले ते गेले, आयले ते आयले. त्या दिसाच इचारल्यानी.” हातातलं आमसूल तिने पुन्हा टोपलीत टाकलं. “मी ना म्हटलां असतां... तर रवले असते काय?”

तो नियम कोणी लिहिला ते तिला माहीत नाही. आमच्या गेममधल्या आईला ‘नको’ म्हणताच येत नाही, तसं उत्तर आम्ही तिच्यासाठी कधी लिहितच नाही, हेही तिला माहीत नाही.

“नाही गं,” मी म्हटलं. “राहिले नसते.”

तिने मान हलवली आणि उरलेली आमसुलं पसरायला घेतली.