अर्ध्या तासाची गाडी

माझ्या सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आमचं दार कुरकुरलं. मुलांनी लग्न आपापसात ठरवून टाकलेलं. आम्हा म्हाताऱ्यांना फक्त एकमेकांची तोंडं पाहायची होती. चहा आला, बिस्किटं आली, पण व्याह्यांचं लक्ष दाराकडे. शेवटी त्यांनी खिशातून एक चपटी डबी काढली, बोटावर ग्रीस घेतलं, बिजागरीला चोळलं आणि दार चार वेळा उघडून मिटून पाहिलं. मग खुर्चीत बसत म्हणाले, "हं, आता बोला." माझी बायको आत जाऊन तोंडावर हात धरून हसत होती.

बसच्या डेपोत चौतीस वर्षं ग्रीस भरणारा हा माणूस. निम्मं आयुष्य बसच्या पोटाखाली उताणं पडून गेलं. यांनी हात लावलेली बस चढावर कण्हत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. विहीणबाई त्याच डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायच्या आणि कुठली गाडी कुठून सुटणार ते भोंग्यावरून सांगायच्या. घरीसुद्धा बोलायचं काम त्यांच्याकडे आणि ऐकायचं यांच्याकडे, अशी वाटणी. बेचाळीस वर्षं ती कुणीही मोडली नाही.

तर या विहीणबाईंना रक्ताचा आजार निघाला. औषधांनी अंगातली ताकद इतकी खाली आली की दीड महिना बाहेरचं माणूस खोलीत नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवराही बाहेरचाच. दुपारी चार ते साडेचार त्यांना हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी खुर्चीत बसवायचे. आम्ही खाली अंगणात उभे राहायचो.

"आयुष्यभर खिडकीतच बसले, आता आणखी दीड महिना," बाई फोनवर म्हणाल्या.

हसायला हवं होतं. व्याह्यांना फोनवर एक शब्द फुटेना. इकडे हे गप्प झाले की तिकडे त्या रडायला लागत. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी व्याही बगलेत लाल रंगाची रिमोटची गाडी घेऊन आले. आमची नात नऊ वर्षांची असताना तिला आणलेली. नात आता परगावी कॉलेजात शिकते आणि गाडी कपाटावर धूळ खात होती. व्याह्यांनी ती अंगणात सोडली. गाडीने एक गिरकी घेतली, कुंडीला धडकली आणि उलटी पडून चाकं हवेत फिरवत राहिली. वर खिडकीत बाई पोट धरून हसायला लागल्या.

व्याह्यांचे दोन्ही हात रिमोटवर, म्हणून फोन मी धरायचा. त्यातून डेपोतला जुना आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लाल गाडी कुंडी क्रमांक दोनवरून सुटत आहे. चालकाचा भरवसा नाही, आपल्या जबाबदारीवर बसावे." अंगणाचा वॉचमन आधी म्हणाला, "आजोबा, इथे खेळायचं नसतं." दुसऱ्या दिवशी तोच लोकांच्या मोटारसायकली बाजूला लावताना दिसला.

सगळं छान, पण गाडी चालायची सात मिनिटं. मग मंदावायची, कुथायची आणि थांबायची. पुढची तेवीस मिनिटं व्याही मेलेली गाडी हातात घेऊन उभे.

पाचव्या दिवशी बाई मला फोनवर हळूच म्हणाल्या, "व्याहीबुवा, गाडी थांबली की यांचं तोंड असं होतं ना, मला वाटतं डॉक्टरांनी माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही सगळे लपवताय. रात्रभर तेच तोंड दिसतं."

परत येताना मी व्याह्यांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अर्धा तास चालली पाहिजे. बस्स."

आता ग्रीसवाला माणूस काय करणार? घरी जाऊन त्यांनी चारही चाकं काढली, आतली शर्टाच्या बटणाएवढी बेअरिंगं काढली आणि त्यात डेपोतलं घट्ट ग्रीस ठासून भरलं. वर म्हणाले, "आता बघा कशी पळते." दुसऱ्या दिवशी गाडी पाच मिनिटांत थांबली. खिडकीतल्या बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. मी पटकन हात हलवून सगळं ठीक आहे म्हणून खुणावलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

तिथून आम्ही थेट रिमोटच्या गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथे एक मुलगी बसते, डोळ्याला भिंग लावून. तिने चाक बोटाने फिरवलं. ते अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. तिने बेअरिंग उघडलं.

"काका, हे काय? यात माशी बसली तर उठायची नाही!"

व्याह्यांनी गाडी उचलली आणि दुकानाबाहेर पडले. मी मागे धावलो. बऱ्याच अंतराने म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्या ग्रीसला कुणी नाव ठेवलं नाही."

मी सायकलवरचा पोस्टमन. शाळा गावातली, सातवीपर्यंतची. यंत्रातलं मला काय कळणार? पण गोष्टी पुष्कळ. मी म्हटलं, "व्याही, ऐका. एकदा मला सायकल फार जड जायला लागली. मी धरून चाललो की वय झालं. दोन दिवस गुडघ्यांना मलम चोळलं, बायकोकडून शेकून घेतले. तिसऱ्या दिवशी कळलं, ब्रेकचं रबर रिमला घासत होतं. गुडघे बिचारे बरे होते. तुमची बस दहा टनांची, तिला घट्ट ग्रीस हवंच. ही गाडी माझ्या चपलांच्या जोडाएवढी. तिला ते चिखलात उभं केल्यासारखं."

ते थांबले. "दोन दिवस मलम चोळलं?"

"आणि तिसऱ्या दिवशी पण चोळलं. बायकोला काय सांगणार?"

व्याही हसले. बाई आत गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी ते वाटीत रॉकेल घेऊन बसले आणि आपलंच ग्रीस धुऊन काढलं. एकेक बेअरिंग फडक्यावर ठेवून, लहान मुलाचे कान पुसावेत तसं पुसलं. मग बाईंच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. चाक फिरवलं तर ते फिरतच राहिलं. आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं.

मग व्याही स्वतःहून त्या दुकानात गेले. मुलीसमोर धुतलेलं बेअरिंग ठेवून म्हणाले, "तुझं बरोबर होतं, बाळ." ती लाजली आणि मग तिने मनापासून शिकवलं. मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक बदलून कमी दातांचं बसवलं, म्हणजे वेग कमी होतो, पण मोटर तापत नाही आणि बॅटरी कमी पिते. दहा वर्षांची जुनी बॅटरी दमलेली होती. त्याच जातीची, पण जास्त साठा असलेली नवी दिली. "लिथियमची नको काका. ती फार खाली जाऊ द्यायची नसते, आणि कधी थांबायचं ते तुमच्या जुन्या गाडीला कळत नाही." आणि एक बजावलं, की चालवून आल्यावर बॅटरी गरम असते, तशीच चार्जिंगला लावायची नाही. आधी हाताला गार लागू द्यायची.

राहिलं बोट. व्याही रिमोटचा खटका खच्चून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मी म्हटलं, "सपाटीला सायकलने वेग घेतला की मी पायडल सोडून द्यायचो. तिला जाऊ द्या की तिची ती!" मग ते हलकेच दाबायला लागले, आणि गाडी वेगात आली की खटका सोडून ती नुसती घरंगळू देऊ लागले. एकोणीस मिनिटं. चोवीस. सत्तावीसला दोन दिवस अडकलो. गाडीला पुढे नातीने लावलेला लोखंडी बंपर होता, तो काढला. नातीला फोन करून परवानगी घेतली. ती म्हणाली, "आजोबा, चाकं काढा, पण गाडी आजीला दिसली पाहिजे." चाकं काढल्यावर काय डोंबल चालणार? पण भावना पोचली.

पुढच्या सोमवारी चार वाजता गाडी सुटली. कुंडीला वळसा, बाकाखालून, नळाजवळून परत. बाईंचं भोंग्यावरचं चालूच. आज गाडी वेळेवर धावतेय म्हणून प्रवाशांनी घाबरू नये, वगैरे. मी घड्याळ पाहायचं सोडून दिलं होतं. साडेचार वाजता वर सिस्टर आल्या. बाईंनी हात हलवला, पडदा ओढला गेला. खाली गाडी अजून फिरत होती.

व्याही तिच्याकडे बघत म्हणाले, "आज उरली हो." आणि डोळे पुसले. रिमोटवरचा अंगठा मात्र सोडला नाही. गाडी आणखी चार मिनिटं चालली. त्या बंद पडद्याखाली ते ती हळूहळू फिरवत राहिले.

त्या रात्री विहीणबाई शांत झोपल्या, असं दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं. उरलेल्या दिवसांत गाडी एकदाही आधी थांबली नाही.

दीड महिन्याचे दोन महिने झाले, पण बाई घरी आल्या. डोक्याला रुमाल, अंगावर मांस नाही, आवाज मात्र शाबूत. मी आणि माझी बायको भेटायला गेलो तर त्या पलंगावर बसलेल्या आणि म्हणत होत्या, "अहो, आणा तो रिमोट इकडे. दोन महिने नुसतं वरून बघितलंय."

व्याह्यांनी रिमोट दिला. बाईंनी खटका शेवटपर्यंत दाबला. गाडी सुसाट सुटली, चपलांच्या ढिगात घुसली, मागे आली, टेबलाच्या पायावर आदळली. दाबलेला अंगठा उचलणं नाहीच. एकेका मिनिटासाठी झुरलेला माझा व्याही बाजूला उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता सांगतील, हळू दाब, जपून चालव. त्यांनी फक्त गाडीच्या वाटेतल्या चपला पायाने बाजूला सारल्या.

नऊ मिनिटांत गाडी थांबली.

"संपली?" बाईंनी विचारलं. "तुम्ही तर अर्धा तास चालवायचा!"

व्याही खाली बसले, बॅटरी काढून तळहातावर धरली. "गरम आहे अजून. लगेच चार्जिंगला नाही लावायची."

"मग?"

"मग काय? गार होऊ दे." आणि बॅटरी हातात धरून ते बाईंच्या शेजारी पलंगावर बसले.

माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. आम्ही उठलो. दार ओढून घेताना बिजागरीचा आवाजसुद्धा झाला नाही.