नसलेल्या चुलत्याचा दहावा

आमचं गाव सीनेच्या अलीकडं. इथं इंग्रज जाऊन स्वराज्य आलं होतं, पलीकडं अजून निजामाचा अंमल. तिकडं परवान्याशिवाय चार माणसांनी एकत्र बसायचं नाही, आपल्याकडचं वर्तमानपत्र सापडलं तर कोठडी. दहाव्याला मात्र कुणी अडवत नसे.

म्हणून पलीकडच्या एका शेतकऱ्यानं, आमच्या पिढीजात यजमानानं, चुलता वारल्याची हूल उठवली. त्याला चुलता नव्हताच. घाट आमच्या काठावर. डोकं-मिशा भादरून तो तीसेक माणसं घेऊन नदी ओलांडून आला. भटजी मी, पंचविशीतला. पिंड मांडले, दर्भ ठेवला आणि मंत्रांऐवजी वर्तमानपत्र वाचलं. मग अर्जावर अंगठे घेतले: आम्हाला सभा भरवू द्या, मत देऊ द्या, हिंदुस्थानात सामील होऊ द्या. पिंडाला लगेच कावळा शिवला.

"चुलता लई भुकेला हुता," यजमान म्हणाला, आणि सुतकातली माणसं पोट धरून हसली.

त्या हसण्याची बातमी पलीकडच्या निजामाच्या नाक्यावर पोचली. आमची इनामाची जमीन पलीकडं होती. पेरणीसाठी जायचा परवाना मागायला गेलो, तेव्हा जमादारानं मला खाटेवर बसवून चहा दिला. मारलं नाही, धमकावलंही नाही. एवढं कबूल करायला मला वीस वर्षं लागली. त्यानं फक्त विचारलं, दहावा कुणाचा होता? यजमानाला समज देऊन सोडीन, असा शब्दही दिला.

"कुणाचाच नाही," मी म्हणालो.

मला परवाना मिळाला. यजमानाला त्याच संध्याकाळी उचललं. जमादारानं शब्द मोडला, असं मी पुष्कळ दिवस मनाशी घोकत राहिलो, जणू फसवला गेलो होतो तो मीच.

भारताची फौज आली तेव्हा यजमान सुटला, एका पायानं लंगडत. मधे त्याचा बाप गेला होता आणि डोकं भादरायला मुलगा हजर नव्हता. राहिलेलं क्रियाकर्म उरकायला तो माझ्याकडंच आला.

"या टायमाला खरं हाय, गुरुजी."

त्याचा संशय मेहुण्यावर होता. अर्जावर अंगठा न देता परतलेला तो एकटाच. मेहुणा पाण्याच्या पलीकडं उभा राहिला, यजमानानं त्याला जवळ येऊ दिलं नाही. कावळा शिवेना. ऊन चढलं. शेवटी यजमानानं हात जोडले.

"आबा, ज्यानं आपल्याला इकलं त्याच्या दारात म्या पाय ठिवनार न्हाई. आता तरी घास घ्या."

कावळा आला. मी पुढचा मंत्र म्हटला.

त्यानं बायकोचं माहेर तोडलं. गेल्या साली मेहुणा वारला, तर भावाचं तोंड बघायलाही तिला जाऊ दिलं नाही. स्वतः मात्र दर बाजारी माझ्या ओसरीवर येऊन बसतो. त्याला वाचता येत नाही, म्हणून वर्तमानपत्र मीच वाचून दाखवतो.

उद्या बाजार आहे. उद्या वर्तमानपत्राऐवजी मी लिहिलेले हेच कागद त्याला वाचून दाखवणार आहे. शपथ पाळली असं त्याला वाटतं, पण दार कुणाचं ते त्याला कळायला हवं.