दाखल्याची दुसरी प्रत

“हे लॅमिनेशन कोणी केलं?” नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात खिडकीआडच्या बाईंनी विचारलं.

त्यांच्या हातात वैशालीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यांनी तो उजेडात धरला, दोन्ही बाजू पाहिल्या, नखाने कडा सुटते का बघितलं आणि काचेखालून परत सरकवला. दाखल्याच्या मागे कॉलेजचा शिक्का आणि सही लागते. प्लास्टिकवर शाई बसत नाही. असा बंद केलेला कागद चालणार नाही. परवा पाच वाजेपर्यंत चालणारा दाखला आणा, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावतील.

“मी केलं,” वैशाली म्हणाली.

तिने केलं नव्हतं. मी केलं होतं. मी तिच्या शेजारी उभी होते, तिची चादर-उशी बांधलेली वळकटी माझ्या काखेत होती, आणि मी गप्प राहिले. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या तोंडाला लोक घाबरतात. पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला मी चारचौघांत सुनावलेलं आहे. त्या दिवशी तोंड उघडलं नाही. अठरा वर्षांच्या पोरीला माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊ दिली.

बाई वाईट नव्हत्या. “शाळेतून दुसरी प्रत घे,” त्या तिला म्हणाल्या. “डुप्लिकेट.”

तेव्हा मी पहिल्यांदा बोलले. “दुसरी मिळते?”

“मिळते की, आजी. शाळेच्या रजिस्टरात सगळं असतं. अर्ज केला की कोणालाही मिळते.”

वैशालीच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. का ते सांगते. गावी राहिलेल्यांना हे ठाऊक नाही, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून आले त्यांनाही मी कधी सांगितलेलं नाही.

माझं गाव देवरुखच्या पुढे. मी तिथल्या शाळेत चौथी पास झाले. लग्न होऊन मुंबईला निघाले तेव्हा वडिलांनी ट्रंक स्वतः भरली. लुगडी, पितळेचा डबा, आणि सगळ्यांच्या खाली माझा शाळेचा दाखला. म्हणाले, “तळाशी ठेवलाय. कोणाला देऊ नको, बाहेर काढू नको.” आईने कुळथाच्या पिठाची पुरचुंडी तेवढी कोंबली. मी वडिलांचं ऐकलं. कोणाला दिला नाही, बाहेर काढला नाही.

गिरगावात आमची एक खोली होती. नवरा छापखान्यात बाइंडर होता. मुलगा दोन वर्षांचा असताना जवळच्या शाळेत आयाची जागा निघाली. कायमची नोकरी. चौथी पास पाहिजे आणि दाखला पाहिजे. मी ट्रंक उघडली. वाळवी खालून आली होती. तळाशी ठेवलेला म्हणून तिला पहिला तोच मिळाला. वरची लुगडी धड होती. दाखल्याचा भुगा हातात आला, त्यात एका सहीचं शेपूट तेवढं दिसत होतं.

शाळेतले साहेब म्हणाले, दाखला नसेल तर जागा नाही. मी बरं म्हटलं आणि घरी आले. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच, की गावच्या शाळेला एक पत्र टाकलं असतं तर दुसरा दाखला आला असता. आम्हाला वाटायचं दाखला म्हणजे जन्मासारखा. एकदाच. मग मी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. तीस वर्षं लाटल्या. मनगटं गेली.

हे सगळं मला नाशिकच्या त्या खिडकीसमोर कळलं. वय वर्षं सहासष्ट.

भाईंदरला आम्ही नंतर आलो. खोली दिराकडे गेली आणि आम्ही नवघरला वन रूम किचन घेतला. तेव्हा गच्चीवरून मिठागरं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दिसतं. मुलगा मस्कतला गेला. दोन वर्षांत नवरा गेला. मुलगा शुक्रवारी फोन करतो, त्याच्याकडे त्या दिवशी सुट्टी असते. “आई, जेवलीस का?” “जेवले.” “काय केलेलंस?” “भात.” मग तो म्हणतो, ठेवतो.

गावी असताना एका घरात अकरा माणसं होतो. कोणी एकटं बसलं तर विचारायचे, बरं वाटत नाही का? इथे मी दिवस दिवस कोणाशी बोलत नसे. भाजीवाल्याशी हिंदीत, तेवढंच. एकदा मला खोकला झाला म्हणून बोलून बघितलं, तर माझाच आवाज मला ओळखू येईना.

वैशाली खालच्या मजल्यावरची. बाप विलास भाड्याची रिक्षा चालवतो. आई अलका घरी इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवते. खोलीभर ट्रे मांडलेले, गोंदाचा वास डोक्यात जातो. पोरगी जिन्यात बसून अभ्यास करायची. मी येता-जाता अडखळायचे. एक दिवस म्हटलं, “पायरी काय तुझ्या बापाची आहे? वर ये, माझ्याकडे टेबल रिकामं आहे.”

ती आली ती दोन वर्षं येत राहिली. तिला अकरावीपासून सगळं इंग्रजीत होतं आणि मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मग मी एक नियम केला. वाचलंस ते मला मराठीत समजावायचं. मी शेंगा सोलत ऐकायचे आणि कळलं नाही की सांगायचे, कळलं नाही. ती चिडायची. “आजी, तुम्ही मुद्दाम करता.” मी म्हणायचे, “मी अडाणीच आहे, मला मुद्दाम कशाला करावं लागतंय?” माझ्या डोक्यात मूत्रपिंड शिरलं म्हणजे तिचं पक्कं झालं, असं आम्ही धरायचो. मूत्रपिंड मला आजही येतं.

तिला नर्सिंगला जायचं होतं. घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, बारावीपर्यंतही नाही. फॉर्म कुठे मिळतो, कोणता कागद कोणत्या कागदाशिवाय मिळत नाही, हे कोणाला विचारायचं? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही दोघी ठाण्याला तहसील कचेरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा रेशनकार्डाची झेरॉक्स नव्हती. दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा मी साहेबांच्या दारातच बसले.

यादीत तिचं नाव आलं. नाशिक, होस्टेलसकट. विलास म्हणाला, “एकदाच सोडतो तिला. झालं तर झालं. नाही तर स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला बोलावलंय, सोमवारपासून जाईल.” त्याच्या मागे आणखी दोन मुली आहेत. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

निघायच्या आठवड्यात वैशालीने शाळेतून दाखला आणून माझ्याकडे ठेवायला दिला. तिच्या घरी सगळीकडे गोंद. आमच्याकडे खाडीची दमट हवा, भिंतींना ओल. मला तो कागद कुठे ठेवावा कळेना. कपाटात ठेवला, काढला. गादीखाली ठेवला, काढला. दुपारी मी तो घेऊन खारीच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “माँजी, टकाटक कर देता हूँ. पानी में डालो, सौ साल कुछ नहीं होगा।” मशीनमधून दाखला गरम गरम बाहेर आला. चकचकीत, ताठ. मी तो हातात धरून घरी आले आणि मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कैक वर्षांत वाटलं नव्हतं. आता याला वाळवी लागणार नाही.

मार्कशीट त्या दिवशी वैशालीच्या पिशवीत होती म्हणून वाचली. नाही तर तीही केली असती.

वैशालीने पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “वा, आजी.” तिलाही माहीत नव्हतं. आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात चार पदव्या आहेत ते दाखला नुसता फाइलीत टाकतात. कागद फार मोठा वाटतो तो आमच्यासारख्यांना, म्हणून आम्ही त्याला प्लास्टिकमध्ये घालतो.

जायच्या दिवशी विलासने आम्हाला रिक्षाने काशीमिऱ्याच्या नाक्यावर सोडलं, नाशिकची एसटी तिथे थांबते. अलकाने पोरीच्या हातावर दही ठेवलं होतं, ते तिने बोटं चाटून संपवलं. विलास रिक्षातून उतरला नाही. हँडल धरून समोर बघत म्हणाला, “पोचलीस की फोन कर.” मी वडिलांची ट्रंक आठवायची नाही असं ठरवून बसमध्ये चढले.

आणि त्याच दिवशी दुपारच्या बसने वळकटीसकट परत आलो. येताना ती म्हणाली, “घरी पण मीच केलं म्हणून सांगते. पप्पा तुम्हाला बोलतील.” मी खिडकीबाहेर बघत होते. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

विलासने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बारावी शिकलीस आणि एवढी अक्कल नाही? एक कागद सांभाळता येत नाही, पेशंट काय सांभाळणार? बस झालं. सोमवारी पॅकिंगला.”

ती खाली मान घालून उभी. ट्रेमधले खडे चमकत होते. अलकाचा हात थांबला नव्हता, ती चिकटवतच होती. शाळा अर्जावर पालकाची सही मागते; दुसऱ्या दिवशी ती मिळाली नाही तर दुसरा दाखला नाही, आणि दाखला नाही तर पोरगी कारखान्यात, हे माझ्यासमोर उघड होतं.

“मी केलंय ते,” मी म्हटलं. “ती खोटं बोलतेय. तिला विचारलंही नव्हतं मी.”

विलास माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांना शहाणपण शिकवता.”

“चौथीपर्यंतचंच शिकवते. पुढचं मला येत नाही.”

“मग कशाला हात घालता?”

“दुसरं कोणी घालत नव्हतं म्हणून.”

मग मी त्याला माझ्या ट्रंकेचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं. वाळवी, आयाची जागा, पोळ्या. मी रडले नाही, मला ते जमत नाही. म्हटलं, “सही कर. मला कोणी सांगितलं नव्हतं की दुसरा मिळतो. तुला मी सांगतेय. आता माहीत असून केलं नाहीस तर ते तुझ्यावर.”

अलका तोंड वर न करता म्हणाली, “करा ना सही. उद्या रिक्षा दुपारनंतर काढा.”

सकाळी आम्ही चौघं शाळेत गेलो. विलास त्या शाळेच्या ऑफिसात पहिल्यांदाच आला होता, चप्पल बाहेर काढून आत गेला. क्लार्क म्हणाला, मूळ दाखला खराब कसा झाला ते लिहून द्या. वैशालीने पेन घेतलं. मी ते तिच्या हातातून घेतलं. अर्ज मी लिहिला. “वरील दाखला मी, इंदू, शेजारीण, हिने माहीत नसल्यामुळे प्लास्टिकमध्ये बंद केला. मुलीचा दोष नाही.” चौथीनंतर शाळेला उद्देशून मी काही लिहिलं ते तेव्हाच. क्लार्क हसला. म्हणाला, “आजी, असं नाही लिहीत.” मी म्हटलं, “झालंय तसं लिहिलंय.” त्याने त्यावर विलासची सही घेतली, प्रतिज्ञापत्र करायला पाठवलं आणि संध्याकाळी दुसरी प्रत दिली. वर लाल शाईत लिहिलं होतं, दुय्यम प्रत. वैशालीने ती वहीत घालून छातीशी धरली. मी म्हटलं, “एवढी दाबू नको, शाई ओली असेल.”

तिसऱ्या दिवशी नाशिकला त्याच बाईंनी दाखला उलटा केला, शिक्का मारला आणि दुसऱ्या कागदाकडे वळल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. होस्टेलच्या फाटकाच्या आत पालकांनाच सोडत होते. विलास या वेळी बरोबर आला होता, तो वळकटी घेऊन आत गेला. मी बाहेर कठड्यावर बसले. मी तिची कोणी नव्हते, आणि पहारेकऱ्याला मी खोटं सांगणार नव्हते. एवढ्यात खोटं पुरे झालं होतं.

परत आल्यावर टेबल रिकामं. दोन दिवस मी शेंगा सोलल्याच नाहीत, ऐकायचंच काही नव्हतं म्हणून.

त्यानंतर दरवर्षी दोन-तीन मुली येतात. नवघरच्या, एखादी मुर्ध्याची. अलका पाठवते. मी प्रत्येकीला नाडीची पुठ्ठ्याची फाइल देते आणि पहिलं वाक्य सांगते, प्लास्टिक नको. दुसरं सांगते, हरवलं तर परत मिळतं, विचारायला लाजू नका. मुली शिकतात, जातात. पेढे घेऊन येतात एकदा. मग येत नाहीत. यायला पाहिजे असं नाही. मी तरी गावी किती वेळा गेले? पाच. त्यातल्या दोन मयताला.

मी गावच्या शाळेला पत्र टाकलं. माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, साधारण वर्ष. बहिणीचा नातू जाऊन बसला तिथे, तेव्हा जुनं रजिस्टर निघालं. पाकिटात दाखला आला. इंदू, इयत्ता चौथी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. गावात आता आमचं घर नाही, जोतं आहे. पण त्या रजिस्टरात मी आहे, तिथून मला कोणी काढलेलं नाही. घर म्हणून मला आता एवढं पुरतं. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “आता काय करणार त्याचं?” मी म्हटलं, “काही नाही.”

त्या खिडकीसमोर आम्ही दोघीच होतो. वैशाली नाशिकला सिस्टर आहे, तिची रात्रपाळी असते म्हणून फोन कमी येतात. मी नवघरला आहे. दोघींकडे दाखल्याची दुसरी प्रत आहे.