पात्यावरची नीळ

माझ्याकडं तलवारबाजी शिकणाऱ्या पोरी आजही सरावाआधी तलवारीच्या पात्याला नीळ लावतात. आता आमच्याकडं स्पर्श झाला की दिवे लागणारं मशीन आहे, तरीही. शहरातून आलेले प्रशिक्षक ते बघून हसतात. हसू द्या. मी राष्ट्रीय सुवर्णपदक घेतलं ते याच निळीच्या जोरावर. आणि आमच्या घरातली पहिली पदवी घेतली, तीही हिच्यामुळंच.

आमची शाळा पाथरीजवळच्या गावात. पी.टी.च्या सरांनी कुठून तरी सेबर नावाच्या दोन तलवारी, दोन मास्क आणि दोन पांढरी जाड जाकिटं आणली. सेबरच्या खेळात कमरेच्या वर कुठंही, डोक्यालासुद्धा, पात्याचा स्पर्श झाला की गुण. पण स्पर्श दाखवणारं मशीन आमच्याकडं नव्हतं. "लागलं." "न्हाई लागलं." सगळा तास भांडणातच जायचा. मग सरांनी धुण्याची नीळ घट्ट कालवली आणि पात्यांना फासली. जिच्या जाकिटावर निळा ओरखडा, तिला लागलं. दोघींच्या जाकिटावर उमटला, तर आधी कुणाचं हे सर कधीच सांगायचे नाहीत. म्हणायचे, "दोघी बी मेलात. परत."

जाकीट ज्या दिवशी घाललं, त्या दिवशी घरी नेऊन धुवायचं. ते माझ्या आईच्या माथी.

"नीळ धुणं पांढरं करायला असती," आई म्हणायची. "आपल्या घरात उलटंच चाललंय. उद्या डाग दिसला तर तूच घास."

मी तिला घाबरून खेळायला शिकले, हे सांगायला मला लाज नाही. अर्धं पाऊल मागं सरायचं, समोरचीचं पातं नाकासमोरून जाऊ द्यायचं, आणि मग मारायचं. महिन्याभरात माझं जाकीट कोरंच्या कोरं घरी यायला लागलं.

वडील पाथरी-परभणी जीप चालवायचे. माझी तलवारीची पिशवी बघून एकदा एका मावशीनं विचारलं, "नवरदेव कुठाय गं?" सगळी जीप हसली. वडीलही हसले, आणि म्हणाले, "पिशवी वर टाक, शिटा बसनात."

बारावीच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "संघात आलीस तर कॉलेजवाले हॉस्टेलात फुकट ठेवतेत, मग शिक. न्हाई आलीस तर बारावी बास." त्यात राग नव्हता. त्यांना झेपणारं तेवढंच होतं.

निवडीची माझी शेवटची लढत एका मोठ्या शहरातल्या मुलीशी लागली. आधी पंधरा गुण घेईल ती जिंकणार, जिंकणारी संघात. मशीनवर मी त्या दिवशीच पहिल्यांदा खेळत होते. सगळ्या पोरी 'सुरू' म्हटल्याबरोबर पुढं धावताना बघितल्या, म्हणून मीही धावले. दोघींचे दिवे लागले. दोन दिवे लागले की हल्ला आधी कुणी सुरू केला ते पंच ठरवतात. पंचांनी गुण तिला दिला. पुढचाही तिलाच. त्याच्या पुढचाही. मी मास्क वर करून विचारलं, "सर, माझा का नाही?"

ते म्हणाले, "तुझा हल्ला मला दिसलाच नाही."

आठ-दोन झालं. आठ गुणांवर मिनिटभर विश्रांती असते. मी आमच्या सरांना म्हणाले, "सर, समदे तिलाच द्यायलेत."

"मग त्यांना द्यायची पाळीच कशाला आणायलीस?" सर म्हणाले. "नीळ लावलीय असं समज. जाकीट तुझ्या आईला धुवायचंय."

नंतर मी एकदाही आधी धावले नाही. ती यायची, मी मागं सरायचे, तिचं पातं हवेत फिरायचं, आणि मग माझं तिच्या मास्कवर. एकच दिवा. माझा. बारा-बारा झालं, मग चौदा-चौदा. शेवटच्या गुणाला मागं सरता सरता माझी टाच खेळायच्या पट्टीच्या शेवटच्या रेघेला लागली; ती ओलांडली की गुण तिचा. तिनं सगळा जीव लावून हात फेकला. पातं माझ्या मास्कसमोरून गेलं, त्याचा वारा मला लागला. मी मारलं.

माझ्या बाजूचा हिरवा दिवा लागला. पंच मशीनकडं बघत राहिले, दुसरा लागेल म्हणून. तो लागला नाही. मग त्यांना माझ्या बाजूचा हात वर करावाच लागला.

घरी आईनं आधी जाकीट उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "हॉस्टेलात धुणं तुझं तूच धुशील की न्हाई?"

मी तीन वर्षं तिथं धुणं धुतलं आणि बी.ए. झाले.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत मी माझ्या पोरी घेऊन गेले होते. तिथं तेच पंच भेटले. चार लोकांत माझी ओळख करून देत म्हणाले, "हिला मी त्या दिवशीच ओळखलं होतं."

"न्हाई सर," मी म्हणाले. "त्या दिवशी तुमाला मी दिसतच न्हवते. दिवा दिसला."

आणि पोरींना हाक मारली. त्यांची लढत सुरू व्हायची होती.