तापमान : निरंक

“बारा सेंटीमीटर कमी,” मी म्हणालो.

कांबळे सरांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. ते तसेच ट्रॅकवर मटकन खाली बसले आणि तितक्याच झटकन उठले, कारण दुपारचे साडेबारा वाजले होते आणि तो लाल सिंथेटिक ट्रॅक तव्यासारखा तापला होता.

“नीट बघा हो साहेब. एवढं कमी कसं व्हईल?”

“तीनदा बघितलं, सर.”

मी एकतीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. म्हणजे शेतांच्या हद्दी मोजून द्यायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. निवृत्तीनंतर पुंडलिकनगरच्या घरात बसून कंटाळलो, म्हणून खासगी मोजण्या घेऊ लागलो. प्लॉट, लेआउट, कंपाउंड असली कामं. धावायचा ट्रॅक आयुष्यात पहिल्यांदा मोजत होतो आणि तोही आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेचा.

स्पर्धा ज्येष्ठांची होती. या खेळांत पस्तिशी गाठली की माणसाला ज्येष्ठ धरतात. हे ऐकून माझी सून दोन दिवस कुणाशी बोलली नाही. कांबळे सर तर चौसष्टचे. शाळेत पीटीचे सर होते, आता आठशे मीटर पळतात आणि या स्पर्धेचे सेक्रेटरीही तेच. सतरा वर्षं ते दुसऱ्यांच्या गावांत जाऊन पळत आले होते. घरी सुमनताईंपर्यंत पोचायचे ते पदक आणि मळके मोजे. नवऱ्याला पळताना त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. सरांनी सहा वर्षं पत्रं लिहून लिहून ही स्पर्धा आपल्या शहरात आणली होती, आणि सुमनताईंसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची तेव्हापासूनच मनात धरून ठेवली होती.

अट एकच होती. ट्रॅकच्या लांबीचा दाखला शुक्रवारपर्यंत पाठवायचा. नाही गेला तर स्पर्धा दुसऱ्या शहरात. आणि आज मंगळवार.

नियम समजायला सोपा आहे. ट्रॅकच्या आतल्या कडेला एक बुटकी पट्टी असते, तिला कर्ब म्हणतात. पळणारा काही कर्बवरून पळत नाही. म्हणून कर्बपासून तीस सेंटीमीटर बाहेर एक रेषा मनातल्या मनात धरायची आणि तिच्यावरून मोजायचं. ते चारशे मीटर भरलं पाहिजे. चार सेंटीमीटर जास्त झालं तर चालतं, पण एक मिलिमीटरही कमी चालत नाही. ट्रॅक आखूड निघाला तर त्यावर केलेला विक्रम कुणी मानत नाही. आमचा भरत होता तीनशे नव्याण्णव मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर.

सरांनी गफूरभाईंना फोन लावला. ट्रॅक त्यांनी केलेला. पडेगावच्या साइटवरून ते पंधरा मिनिटांत आले. गाडीतून उतरतानाच चेहरा लाल.

“क्या बातां करते साब! मेरा ट्रॅक कम नै है. नापनेवाले का हाथ देखो पहले.”

“गफूरभाई, हा हात एकतीस वर्षं हेच करतोय.”

“तो थक गया होगा.”

मला संताप आला. सुनावलंही मी. म्हटलं, ठेकेदारानं रेती खाल्लेली मी पाहिली आहे, सिमेंट खाल्लेलं पाहिलं आहे, अंतर खाल्लेलं पहिल्यांदाच पाहतोय. हे मी बोलायला नको होतं. गफूरभाईंनी गाडीचं दार आपटलं. म्हणाले, “कल सुबह छे बजे. मेरे सामने नापो. दस बजे मेरेकू दूसरी साइट पे जाना है.”

सकाळी सहाला मोजायचं म्हणजे आधी मॉर्निंग वॉकवाल्यांना हटवायचं. म्हणूनच तर मी दुपारची वेळ घेतली होती. पहिल्या लेनमध्ये एक काका कानाला रेडिओ लावून फिरत होते. सरांनी त्यांना हात जोडले.

“काका, आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. जरा बाजूनं चाला.”

“मला शुगर आहे,” काका म्हणाले आणि टेप ओलांडून पुढं गेले. प्रत्येक फेरीला ते असेच ओलांडून गेले.

एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला मी, आणि आकडे वाचायला माझ्या खांद्यावरून वाकलेले गफूरभाई. दोन्ही सरळ बाजू मोजल्या. मग मधल्या खुंटीपासून वळणांची त्रिज्या घेतली, कारण वळणावर टेप वाकवून मोजत नाहीत, त्रिज्येवरून हिशेब करतात. बेरीज केली. पुन्हा केली.

चारशे मीटर आणि दोन सेंटीमीटर.

गफूरभाईंनी आकडा मोठ्यानं वाचला. मग काकांना थांबवून त्यांनाही वाचून दाखवला.

“रात में बढ़ गया क्या साब?”

मी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. एका दिवसात चौदा सेंटीमीटरचा फरक? माझ्या हातून एवढी चूक झाली असेल, तर इतकी वर्षं मी काय केलं? सर मात्र खूश होते.

“हाच आकडा लिहून टाका की साहेब. झालं काम.”

“आणि कालचा?”

“कालचा इसरून जा.”

हे मला जमण्यातलं नव्हतं. दोन आकडे असताना सोयीच्या आकड्याखाली सही करायची, हे मी नोकरीत केलं नाही आणि आता करायची इच्छा नव्हती. मी म्हणालो, आज दुपारी पुन्हा मोजू. सरांनी कपाळाला हात लावला. गफूरभाईंनी दहाची साइट रद्द केली. हा प्रकार सोडून जायला त्यांचा पायच निघेना.

दुपारी बारा. तीच टेप, त्याच खुणा, तीच तीन माणसं. तीनशे नव्याण्णव मीटर अठ्ठ्याऐंशी.

आम्ही लिंबाखाली बसलो. सर म्हणाले, रबर आहे, उन्हात ढिलं पडत असेल. मी म्हटलं, ढिलं पडलं तर वाढेल, आकसेल कसं? गफूरभाई म्हणाले, शहरातल्या दुसऱ्या ठेकेदारांची नजर लागली असेल. मी टेप परत गुंडाळत होतो आणि कुठं चुकलो ते शोधत होतो. शोधून सापडत नव्हतं आणि माझी चिडचिड वाढत होती.

सर फॉर्म चाळत बसले. जन्मभर मुलांचे स्पर्धेचे फॉर्म भरलेला माणूस, रकाना रिकामा दिसला की त्यांचा हात शिवशिवतो.

“साहेब, हे काय लिवलंय तुम्ही? टेपचं तापमान... निरंक?”

सरकारी कागदावर जिथं लिहायला काही नसतं तिथं आम्ही ‘निरंक’ लिहितो. बोअर निरंक. झाडं निरंक. हरकती निरंक. फॉर्म इंग्रजी होता, तरी माझ्या हातानं सवयीनं तेच लिहून टाकलं होतं.

“त्याचं काय काम पडतंय?” मी म्हणालो. “सगळ्या फॉर्मात असले चार रकाने उगाच असतात.”

“उगाच नाय हो. एवढ्या लांबून इचारत्यात तर कायतरी लागतच असंल की त्यांना.”

आणि त्याच वेळी टेपची पट्टी माझ्या तळहाताला चांगलीच चटकली. मी हात झटकला. टेप उताणी पडली. तिच्या डबीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, २०° से. नोकरीत अशा कितीतरी टेपा हाताळल्या, त्या सगळ्यांवर हे होतं. मला तो मॉडेल नंबर वाटायचा.

मी तसाच बघत राहिलो. मग हसायलाच लागलो. सर घाबरले, त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

लोखंड तापलं की वाढतं, हे शाळेत सगळेच शिकतात. टेप पोलादाची. वीस अंशांना ती बरोबर असते. उन्हात ती लांबते, तिच्यावरच्या खुणा एकमेकींपासून दूर सरकतात, आणि मग तेवढंच अंतर कमी खुणांत बसतं. दूधवाल्याचं माप मोठं झालं तर कॅनमधलं दूध कमी भरेल, तसंच. ट्रॅक तसाच होता. वाढत होती माझी टेप.

आता टेपचं तापमान हवं होतं. टेप पुन्हा उन्हात ट्रॅकवर पसरली. सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून थर्मामीटर काढला. टेपला टेकवताच त्यानं ‘हाय’ दाखवून हात टेकले. बिचारा माणसांच्या तापासाठी केलेला. शेवटी गफूरभाईंनी गाडीतून त्यांचं डांबराचं तापमान बघायचं यंत्र आणलं. एक्कावन्न अंश.

फॉर्मच्या मागेच सूत्र दिलेलं होतं. तेही मी वाचलेलं नव्हतं. एकतीस अंश जास्त, चारशे मीटर लांबी. गुणाकार केला, चौदा सेंटीमीटर आले. दुपारच्या आकड्यात मिळवले. चारशे मीटर दोन सेंटीमीटर. सकाळी सहाला टेप विसाच्याच आसपास थंड होती, म्हणून तेव्हा आकडा नीट आला होता.

सरांनी तो आकडा बोटानं दोनदा गिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मंजे हितंच व्हणार? आपल्याकडंच?”

“इथंच होणार, सर.”

मी गफूरभाईंकडे वळलो. अंतर खाण्याबद्दल बोललो ते चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी लगेच माफ केलं, पण पुढचे दोन महिने भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली, आणि दर वेळी माझी टेप आणखी थोडी लांब केली.

दाखला गुरुवारी गेला, शनिवारी मंजूर झाला. स्पर्धा झाली. साठ ते चौसष्टच्या गटात आठशे मीटरला सहा जण होते. कांबळे सर चौथे आले. शेवटच्या वळणावर त्यांनी एका उंच परदेशी गृहस्थाला मागं टाकलं, तेव्हा मी खुर्चीवर चढून ओरडत होतो. माझ्या वयाला ते शोभलं नाही, पण मला फार आनंद झाला होता.

सुमनताई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. सर धापा टाकत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“दोनच चकरा?” त्या म्हणाल्या. “सतरा वर्सं मला वाटलं, लई लांब पळताव तुम्ही.”

“दोनच,” सर म्हणाले, “पण पुऱ्या. एक सूतबी कमी नाय.”

सुमनताईंनी पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांना पाणी प्यायला नेलं.

संध्याकाळी मी आणि गफूरभाई मैदानाबाहेर चहा पीत होतो. ते बशीत चहा ओतत म्हणाले, “पवार साब, एक बात पूछूँ? वो खेतां की मोजणी आप लोगां कब करते थे?”

“एप्रिल-मेमध्ये. पिकं निघालेली असतात, रान मोकळं असतं, म्हणून...”

मी कप खाली ठेवला.

“और टेप?”

“अशीच.”

शंभर मीटरला साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे दोन बोटं. पिशोरच्या बाजूला दोन बोटांच्या बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. दोघांच्याही हातात माझाच नकाशा होता.

गफूरभाईंनी उरलेला चहा संपवला. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत, आणि मला ते जास्तच लागलं.

तेव्हापासून मी फॉर्ममधला एकही रकाना सोडत नाही. मोजणीला सकाळी सहाला जातो. गिऱ्हाईकानं कारण विचारलं, तर वय झालं, ऊन सोसत नाही, असं सांगतो.