शिडी कुठे गेली

“घाई काऊन करून राह्यली, पोरी?” असं म्हणत बाई माझ्या हातातली काचेची बशी काढून घ्यायच्या. चारचौघांत मी त्यांची ‘मॅडम’ असे. चुकले की ‘पोरी’.

चंद्रपूरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. गाव धानोऱ्याकडच्या जंगलातलं, शाळा चौथीपर्यंत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शोधनिबंधावर त्यांचं नाव नसतं.

माझं काम कॅन्सरच्या पेशींवर होतं. साधी पेशी विभागते तशी तिच्या गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि एक दिवस ती थांबते. कॅन्सरची पेशी टेलोमरेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) ती टोकं पुन्हा बांधत राहते. माझ्या पेशींमध्ये गाठीला आळा घालणारं जनुक बिघडलेलं होतं. ते चांगलं करून परत घातलं, तर टेलोमरेज मंदावेल का? या एका प्रश्नावर माझी पीएच.डी. अडली होती.

टेलोमरेज चालू असलं की तपासणीच्या चित्रात पट्ट्यांची शिडी दिसते. एका सकाळी जनुक घातलेल्या पेशींच्या चित्रात ती दिसलीच नाही. मी नाचायचीच बाकी होते.

बाईंनी चित्र खिडकीकडे धरलं. “ह्या पेशी जित्या होत्या का?”

“असतीलच ना!”

“मोहोळ गप दिसलं म्हणून आमी हात नाई घालत. पयले धूर देऊन पाहतो. तू पाह्यलं का, पोरी?”

मला राग आला. रात्रभर तो टिकला, सकाळी उरला नाही. सगळं पुन्हा मांडलं. या वेळी जिवंत पेशी मोजून घेतल्या, शेजारी जनुक न घातलेल्या तेवढ्याच ठेवल्या. बाई रोज त्यांचं पोषणद्रव बदलायच्या, म्हणायच्या, “जेवले माहे लेकरं.”

जनुक नसलेल्यांची शिडी भरगच्च आली. जनुक घातलेल्यांच्या जेमतेम दोन फिकट पायऱ्या. आणि त्या पेशी जिवंत होत्या! पुढे काही आठवड्यांनी त्यांचं विभागणंही थांबलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, “पेशी मेल्या म्हणून शिडी गेली असेल, तर?”

मी दुसरं चित्र आणि जिवंत पेशींची मोजणी पुढे केली. त्यांनी दोन्ही जवळ ओढून ताडून पाहिलं. “हे कुणाला सुचलं?”

मी दाराकडे बोट केलं. तिथे बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. परीक्षक खुर्चीवरून उठले.

“बसा ना जी,” बाई म्हणाल्या, “चहा थंडा होऊन राह्यला.”

पुढच्या रविवारी त्या मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. अंगणात जमलेल्यांना त्यांनी गोंडीतून सगळी हकिकत सांगितली. मला एकच शब्द कळत होता: टेलोमरेज. एका म्हाताऱ्यांनी काहीतरी विचारलं. बाईंनी ते मला सांगितलं,

“ते म्हणते, मंग त्या पेशी थांबल्या का?”

“थांबल्या,” मी म्हणाले.

बाईंनी पदर खोचला, मान ताठ केली आणि ‘थांबल्या’ हा एक शब्द गोंडीत असा ठणकावून सांगितला, की सारं अंगण ओरडून उठलं.