मणकेबुवांचा शेवटचा प्राणी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना मणकेबुवा हे नाव मी ठेवलं. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटलं नाही. राग आला तो त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना. त्यावरून मी ओळखलं की नाव फिट्ट बसलंय. आता पोस्टमनसुद्धा "मणकेबुवा घरी आहेत का" म्हणून विचारतो आणि वहिनी माझ्या दाराकडे बघून दातओठ खातात.

बुवा निसर्ग-संग्रहालयात प्राण्यांच्या प्रतिकृती करतात. माती, प्लास्टर, तारा, रंग आणि मिळतील तिथून केस. माझ्या न्हाव्याकडे त्यांची कायमची पिशवी टांगलेली असते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मध्यंतरी संग्रहालयाच्या लांबलचक व्हरांड्यात पाठीचा कणा असलेल्या तमाम प्राण्यांची कुळकथा मांडायची टूम निघाली. एका टोकाला वाळूत अर्धवट पुरून घेतलेला बोटाएवढा जीव. त्याला ना जबडा, ना हाड, धड डोकंसुद्धा नाही. पाठीतून गेलेली एक लवचीक दोरी, एवढीच काय ती इस्टेट. दुसऱ्या टोकाला तुम्ही-आम्ही. मधे सगळे नातेवाईक. संग्रहालयाचे संचालक, म्हणजे साहेब, पहिल्याच दिवशी बजावून गेले, "ही रांग नाही हं, हे झाड आहे. फांद्या फुटत गेल्या. माकडाचा माणूस झाला असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं." पण व्हरांडा पडला सरळ. त्यात झाड मावणार कसं? मग फांद्या भिंतीवर रंगवल्या आणि प्राणी बिचारे रांगेतच उभे राहिले.

बुवांची कामाची एक खोड आहे. चित्रं बघून, पुस्तकं चाळून त्यांचं भागत नाही. जिवंत पाठ लागते. प्राणी जशी हालचाल करत असेल तशी कुणाला तरी करायला लावायची, आणि ती चालू असताना त्याच्या कण्यावर तळवा ठेवायचा. "डोळ्यांना कातडं दिसतं हो, हाताला आतलं कळतं," असं म्हणतात. त्यामुळे आमच्या इमारतीत बुवांचा हात पाठीवरून फिरला नाही असा माणूस विरळा. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी गुडघेदुखीमुळे जिना तिरक्या तिरक्या उतरतात. त्या उतरण्यावरून सरड्याचे पूर्वज झाले. मावशींना अजून वाटतं की बुवा त्यांना आधार देत होते.

मीही सुटलो नाही. पाण्यातून पहिल्यांदा चिखलात चढलेला तो मासा आहे ना, जाड जाड परांवर अंग ओढणारा, तो मी. दुपारभर त्यांच्या फरशीवर पोटावर पडून कोपरांनी पुढं सरकत होतो. बायको वर साखर मागायला आली, दारात थबकली आणि म्हणाली, "हुबेहूब. रविवारी सोफ्यावरून रिमोटकडे असेच जाता."

पण गंमत अशी की प्राणी जसजसे वर चढत गेले तसतसे बुवा खाली येत गेले. मासे झाले तेव्हा ते खांबासारखे ताठ होते. बेडकाच्या पणजोबांपर्यंत एक हात कमरेवर आला. पहिल्या केसाळ प्राण्याला, उंदराएवढाच तो, केस चिकटवताना ते टेबलाच्या आधारानं चालू लागले. आणि वानराच्या अंगठ्यावर शेवटचा हात फिरवायला वाकले ते तिथेच राहिले. कमरेत अशी उसण भरली की दोघांनी त्यांना वाकलेल्या अवस्थेतच टॅक्सीत सरकवलं. आमचा जिना ते हातापायांवर चढले. मी मागून म्हणालो, "बुवा, उलट्या दिशेनं निघालात की!"

"हसवू नका हो," ते कण्हत म्हणाले. "हसलं की कळ मारते."

डॉक्टरांनी जमिनीवर फळी टाकून उताणं झोपायला सांगितलं. आणि माणूस व्हायचा राहिला होता. रांगेतला शेवटचा, ज्याच्यासाठी बुवांनी एवढी वर्षं कळ काढली तो.

साहेब भेटायला आले. माणूस वाईट नाही, पण उद्घाटनाच्या पत्रिका गेल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही आराम करा. मी तात्पुरती सोय केलीय. कपड्यांचं एक दुकान बंद होतंय, तिथला पुतळा मिळतोय. उंच आहे, रुबाबदार आहे."

"दुकानातला पुतळा?" बुवा छताकडे बघत म्हणाले. "माझ्या वानराशेजारी?"

"कोट घालू ना त्याला."

"त्याला कणा नाही, साहेब. पाठीत नुसती जोडाची रेघ असते आणि आत पोकळ."

"कोटाच्या आत कोण बघतंय?"

बुवांनी भिंतीकडे तोंड केलं. फळीवर तेवढंच करता येत होतं. तात्पुरता म्हणजे कायमचा, हे त्यांना ठाऊक होतं. संग्रहालयाच्या दारातला मोडका स्टूलही तात्पुरताच ठेवलेला आहे; त्याच्यावर आता दुसरा पहारेकरी म्हातारा होतोय.

दोन दिवस बुवा धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पदर खोचला, खाली येऊन माझ्याच फोनवरून साहेबांना गाठलं आणि म्हणाल्या, "पुतळा आणा खुशाल. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ह्यांचा माणूस तयार असला तर तोच उभा करायचा. आणि उद्या माती घरी पाठवा." साहेब हो म्हणाले. वहिनींना नाही म्हणणारा माणूस अजून कुठल्याच फांदीवर उगवलेला नाही.

माती आली. बुवांच्या फळीशेजारी मूर्ती ठेवायचा फिरता पाट आला. मी मोठ्या रुबाबात पुढं उभा राहिलो, छाती काढून, नजर क्षितिजावर. बुवांनी पडल्या पडल्या हात वर केला, तो पोचला माझ्या पोटरीपर्यंत.

"पोटरीवरून कणा कळत नाही," ते म्हणाले.

"मग बसतो."

"बसलेलं वानर करून झालं."

"आडवा होतो."

"आडवे तुम्ही मासा झालात ना एकदा!"

असे दिवस चालले. मातीवर ओलं फडकं आणि घरावर सुतक. पाय तेवढे झाले होते. वर काय यायचं ते बुवांच्या हाताला सापडत नव्हतं. उभ्या माणसाची पाठ त्यांच्यापासून आता फार उंचावर गेली होती.

मग एका सकाळी वरून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ बुवांची आरोळी. मी चपला न घालता धावलो. बघतो तर वहिनी फळीशेजारी अर्धवट उठलेल्या: एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर, तोंड वाकडं. आणि बुवांचा तळवा त्यांच्या पाठीवर.

झालं होतं असं की वहिनी रोज सकाळी गुडघे टेकून नवऱ्याच्या पायात मोजे घालायच्या आणि "अगं आई गं" करत उठायच्या. आज उठता उठता तोल गेला, बुवांनी सावरायला हात लावला, आणि तो हात तिथंच चिकटला.

"हलू नकोस," बुवा सांगत होते. "आता परत खाली जा. हां. आता ऊठ. सावकाश."

"मी काय लिफ्ट आहे? दूध उतू गेलं माझं!"

"जाऊ दे. परत बस."

"भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना!"

मी गॅस बंद केला आणि दाराला टेकून मजा बघत राहिलो. बसा, उठा, बसा, उठा. बुवांचे डोळे मिटलेले, एक हात बायकोच्या मणक्यांवर, दुसरा मातीत. वहिनींची जीभ चालू होती, पण उठायला सांगितलं की उठत होत्या. दुपारी माझी बायको आमच्याकडचं जेवण वर घेऊन गेली.

आकार भरत आला तशी वहिनींना शंका आली. "ही कोण म्हणायची?"

"माणूस."

"कंबर कुणाची आहे?"

कंबर कुणाची ते इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अशी उघडी मी त्या व्हरांड्यात उभी राहायची नाही, सांगून ठेवते," म्हणत वहिनींनी आपला जुना घरातला गाऊन कपाटातून काढला, उसवलेल्या खिशाला टाका घातला आणि बाजूला ठेवला. पुढं संग्रहालयातले दोघे आले, साचा काढून नेला, ओतकाम केलं आणि रंगासाठी मूर्ती परत आणली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बुवांनी कमी करायला नकार दिला, त्यावरून घरात झालेलं रामायण मी ऐकलं, पण लिहीत नाही. शेजारधर्म आहे.

आदल्या दिवशी टेम्पो निघाला. मागच्या बाजूला मूर्ती गाऊन घालून अर्धवट उठलेली, आणि शेजारी कमरेला पट्टा बांधून बुवा आडवे. व्हरांड्यात दुकानातला पुतळा कोट घालून आधीच हजर होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, चकचकीत.

साहेबांनी आमच्या मूर्तीकडे पाहिलं. पुतळ्याकडे पाहिलं. "पण ही उभी नाहीये," ते म्हणाले. "एवढ्या सगळ्याचा शेवट म्हणजे कसा ताठ हवा. शिखर!"

"झाडाला शिखर असतं होय?" मी विचारलं. वहिनींनी मला कोपर मारलं आणि स्वतः पुढं झाल्या.

"उठतेय ती. इथवर यायला पन्नास कोटी वर्षं लागली आणि तुम्हाला दोन मिनिटं धीर नाही?"

साहेबांनी मूर्तीला एक चक्कर मारली. मग मागं थांबून त्यांनी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला, कमरेच्या वर, जिथं सकाळी प्रत्येकाचं दुखतं तिथं. तो हात काढला आणि नकळत आपल्या कमरेवर नेला. बुवा बाकावर आडवे पडून बघत होते.

"पट्ट्यानं फरक पडतो का हो?" साहेबांनी विचारलं.

"थोडा," बुवा म्हणाले.

साहेबांनी पुतळा हलवायला सांगितला. तो आता तिकीट खिडकीशी उभा असतो, गळ्यात "रांगेत उभे राहा" अशी पाटी. काम त्याला शोभतं.

उद्घाटनाला तोबा गर्दी. माझ्या बायकोनं तिचं सगळं माहेर थेट माशापुढं उभं केलं. मावशी सरड्यासमोर बराच वेळ थांबल्या आणि "ह्याला कुठंतरी पाहिलंय" म्हणाल्या. प्रमुख पाहुण्यांनी शेवटच्या मूर्तीपुढं येऊन विचारलं, "ही कुणी घडवली?"

सगळे वळले. पार दुसऱ्या टोकाला, त्या वाळूतल्या जीवाशेजारच्या बाकावरून बुवा उठायचा प्रयत्न करत होते. एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर, तोंड वाकडं. वहिनींचा तळवा त्यांच्या पाठीवर.

पाहुणे तिकडे निघणार तेवढ्यात साहेबांनी त्यांना अडवलं. "दोन मिनिटं थांबू या," ते म्हणाले. "उठतायत."